तीन पाकिटं मी टाकली

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बाबांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग तू ओरडतेस, मग आम्हीही ओरडतो. त्यापेक्षा पत्र बरं, असं ते म्हणाले.

इंजिनिअरिंगच्या अर्जांचं आहे. शाळा आमच्या मार्कांचा दाखला पाचच कॉलेजांना पाठवते, त्यामुळे पाचच निवडायची. पंधरा नोव्हेंबरच्या आत पाकिटं पोस्टात पडली पाहिजेत. तू बत्तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढलीस, तेव्हा तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं बाबांचं म्हणणं.

मी यादी केली आहे. डोंगरावरचं, राजधानीतलं, जुन्या घुमटाचं, बंदराजवळचं आणि ते नवीन, ज्याच्या माहितीपत्रकात सगळे सारखे हसत असतात. पाचही चांगली आहेत असं सगळे म्हणतात. मला यातलं कुठलंही चालेल.

माझा वर्गात सातवा नंबर आहे. बाबा बरे आहेत, काम चालू आहे. शाळा सुटली की मीही त्यांच्याबरोबर दुकानांतले वजनकाटे तपासायला जाते. आई गेल्याला आता चार वर्षं झाली, घरचं सगळं अंगवळणी पडलंय.

यादी ठीक आहे एवढं कळव.

तुझी भाची


१२ सप्टेंबर

बारके,

ठीक नाही! अजिबात ठीक नाही! (मी पत्रातही ओरडते असं शेजारीण म्हणते. ओरडू दे. इंजिनं तपासायच्या खोलीत बत्तीस वर्षं काढ म्हणावं, मग बघू हळू कोण बोलतं ते.)

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ही पाचही कॉलेजं शंभरातली तीन-चार पोरं घेतात. त्या घुमटवाल्यांनी तर मागे एका वर्षी आमच्या प्राचार्यांच्या मुलीलाच परत पाठवलं होतं, आणि ती पोरगी साक्षात पुस्तकाचा किडा. तू हुशार आहेस, मी नाही म्हणत नाही. पण सातवी आहेस. पाचही ठिकाणी नकार आला तर एक वर्ष काय भिंतीकडे बघत बसणार आहेस?

तुझा बाबा काटा तपासताना काय करतो? आधी रिकामा बघतो. मग अर्ध्या वजनावर. मग पूर्ण भारावर. एकदम पूर्ण भार टाकून तो मोकळा होतो का? तशी यादी कर. दोन कॉलेजं अशी की मिळालं तर उडी मारशील. दोन अशी की तुझ्यासारखीच पोरं तिथे घेतात. एक असं की जिथे नाव नक्की लागेल आणि गेल्यावर रडायला लागणार नाही.

आणि माहितीपत्रकातले फोटो बघू नकोस. मी सांगते काय बघायचं ते. यंत्रावरची धूळ बघायची. आमच्याकडे बाहेरून एकदा मोठे लोक कॉलेज बघायला आले, त्यांना मी मुद्दाम जुन्या खोलीत नेलं. तिथे लोखंडाची कांडी दोन्हीकडून ताणून तोडायचं यंत्र आहे, माझ्यापेक्षा म्हातारं. पण त्याची मूठ चकाकते, कारण रोज पोरांचा हात लागतो. काही कॉलेजांत नवंकोरं यंत्र काचेमागे असतं आणि पोरं नुसती बघतात. तिथे जाऊन काय उपयोग, सांग.

अजून एक. दोन पानी पत्रात तुला काय शिकायचंय हे एकदाही लिहिलं नाहीस. बाकी सगळं लिहिलंस.

आत्या


२५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण यादी आहे तशीच राहू दे. सरांनाही दाखवली, ते म्हणाले महत्त्वाकांक्षा असावी.

काय शिकायचं ते अर्जात लिहावंच लागतं, तर यंत्र विभाग लिहीन. त्या रकान्यासमोर मी बराच वेळ बसले होते. मग दूध उतू गेलं.

या आठवड्यात खूप काम होतं. किराणा दुकानं, टपाल कार्यालय, औषधाचं दुकान, दवाखाना. दवाखान्यात मी दुसऱ्यांदा जाऊन आले, बाबांचं एक वजन तिथे राहिलं होतं. बाळांच्या काट्याजवळ एक आई रांगेत उभी होती, तिने मला विचारलं तू नर्स आहेस का. मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

तू काळजी करू नकोस. नाही मिळालं तर नाही मिळालं. प्रयत्न केला असं होईल.

तुझी भाची


४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

खूप दिवसांनी लिहितो आहे, रागावू नकोस. पोरीच्या अर्जांचं तू बघते आहेस ना? तिने कुठली कॉलेजं निवडली ते मला कळव. ती मला नीटसं सांगत नाही, यादी ठीक आहे म्हणते.

इकडे सगळं ठीक. काम भरपूर आहे. पोरगी मदतीला येते, तिचा हात फार चोख आहे. माझ्या हाताखाली इतका चोख माणूस आजवर आला नाही. तिने शिकावं असं वाटतं. तिच्या अर्जांचं तू बघते आहेस ना? कुठली कॉलेजं ते मला कळव.

तुझे कान कसे आहेत? माझी तब्येत चांगली आहे. पोरीच्या अर्जांचं तू बघशील ना, ताई?

तुझा भाऊ


११ ऑक्टोबर

बारके,

तुझ्या बाबाचं पत्र आलं! सहा वर्षांनी! पाकिटावरचं अक्षर बघून मी दारातच बसले. आणि काय गं तो बाप! एका पत्रात तीनदा विचारतो, पोरीचं बघशील ना, पोरीचं बघशील ना. लेकीच्या काळजीने पार वेडा झालाय. लहानपणी मी जत्रेत हरवेन म्हणून हा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असून माझा हात घट्ट धरून चालायचा, तस्साच आहे अजून.

आता मात्र मी ऐकणार नाही. ‘प्रयत्न केला असं होईल’ म्हणजे काय? हे काय बोलणं झालं? तुझ्या वयाला हे वाक्य शोभत नाही, हे तर निवृत्त कारकुनाचं वाक्य आहे. डोंगरावरचं, घुमटाचं आणि राजधानीतलं ठेव. बाकीची दोन काढ. त्यांच्या जागी एक कालव्याकाठचं टाक, शंभरातली वीस घेतात आणि तिथली पोरं मशिनवर काम करूनच बाहेर पडतात. दुसरं आमचं. हो, माझं कॉलेज, जिथे मी बत्तीस वर्षं झाडलं, पुसलं आणि मास्तरांच्या चुका झाकल्या. शंभरातली चाळीस घेतात. नाव मोठं नाही, पण तुझा नंबर नक्की लागेल.

आणि खरं सांगू का, त्यात माझाही स्वार्थ आहे. दोन खोल्यांत मी एकटी असते. दारावरची घंटा मला ऐकू येत नाही, म्हणून दिवा लागेल अशी सोय केली आहे. तो दिवा महिन्यात एकदा लागतो, आणि तेव्हा मीटरवाला असतो. तू आलीस तर मला बरं वाटेल. घे, लिहिलं.

फॉर्म सोबत पाठवते आहे. भर आणि टाक.

आत्या


२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसं केलं. पाच पाकिटं तयार झाली.

डोंगरावरचं, घुमटाचं आणि राजधानीतलं ही तीन पाकिटं मी टाकली. कालव्याकाठचं आणि तुझ्या कॉलेजचं ही दोन बाबांकडे दिली आहेत. ते मोठ्या पोस्टाकडेच जाणार होते. डिंक संपला होता म्हणून ती दोन उघडीच राहिली. बाबा म्हणाले, मी बंद करून टाकतो.

तेव्हा झालं. आता मार्चपर्यंत काही नाही.

तुझी भाची


१९ नोव्हेंबर

बारके,

आज तुझ्या बाबाचं आणखी एक पत्र आलं. मी आनंदाने उघडलं. तेच पत्र आहे गं. ‘खूप दिवसांनी लिहितो आहे, रागावू नकोस’ इथपासून ‘बघशील ना, ताई’ इथपर्यंत, शब्दाला शब्द. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून मी तासभर बसले आहे. आधीचं टाकल्याचं त्याला आठवतच नाही.

मग तुझी पत्रं काढली. दवाखान्यात दुसऱ्यांदा का गेलीस? वजन राहिलं होतं म्हणालीस. तुझा बाबा वजनांची पेटी मोजल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे मी त्याच्या विसाव्या वर्षापासून बघते आहे. आणि तीन पाकिटं तू टाकलीस तर दोन त्याच्याकडे कशाला दिलीस? एकाच पेटीत पाच पाकिटं मावत नाहीत का?

मी मूर्ख बाई. तीनदा विचारतो म्हणून मी हसले होते.

काय चाललंय तिथे? मला खरं लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी लिही.

आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

खरं लिहिते.

चौदा महिन्यांपूर्वी दवाखान्यातून निरोप आला की एका आठवड्यात सगळ्या बाळांची वजनं दोनशे ग्रॅमने वाढली आहेत. नर्स हसत होती. बाबांनी आदल्या आठवड्यातच तो काटा तपासून सील केला होता. मी एकटीच गेले. काट्यात काही बिघाड नव्हता. शून्य लावायचंच राहिलं होतं. मी बाबांचं सील कापलं, काटा जुळवला आणि त्यांच्याच पकडीने नवं सील लावलं. सील म्हणजे तारेला लावलेला शिशाचा छोटा गोळा, त्यावर बाबांचा शिक्का असतो. नर्सला सांगितलं, फडकं राहिलं होतं खाली. बाळांना औषध वजनावर देतात, आत्या. त्या आठवड्यात कुणाला काही झालं नाही. मी रजिस्टर बघून आले.

तेव्हापासून बाबा जिथे जातात तिथे मी दुसऱ्या दिवशी जाते. सगळीकडे चूक नसते. दहात दोन ठिकाणी असते. आता तीन. मी दुकानदारांना सांगते, शाळेचा प्रकल्प आहे. एकाने विचारलं, हा कसला प्रकल्प, संपतच नाही.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर परवाना जाईल. परवाना गेला की बाबा घरात बसतील. घरात बसून ते दिवसभर काय करतील, हे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, पण काही दिसत नाही.

मी अर्जच करत नाही असं म्हटलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं. म्हणून नकार येईल अशीच पाच कॉलेजं निवडली. त्यात कुणाचा दोष नसता. तू हट्टाला पेटलीस तेव्हा ती दोन पाकिटं बाबांकडे दिली. ते विसरतील हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दिली. नंतर त्यांच्या पिशवीत मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं. पंधरा तारीख आली आणि गेली.

हे केल्यावर आपल्याला फार वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या दिवशी मी चादरी धुतल्या. पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक उतरवून घेतलं. हल्ली सगळं असंच होतं, हात काम करतात आणि मी कुठेतरी बाजूला उभी असते.

तू आता काय करणार आहेस ते करण्याआधी मला कळव.

तुझी भाची


९ डिसेंबर

बारके,

पत्र वाचून आधी तुझा इतका राग आला की चप्पल घालून रस्त्यावर आले. बापाच्या दुखण्याचा असा उपयोग करायचा? मग कोपऱ्यापर्यंत गेले आणि स्वतःचा राग आला. चौदा महिने पोर एकटी हे उरावर घेऊन फिरते आहे आणि मी तिला धूळ बघ, मूठ बघ असले धडे देत होते.

चप्पल घातलीच होती, म्हणून तशीच आमच्या कॉलेजात गेले. प्रवेशाच्या खोलीतला मोठा कारकून माझ्या ओळखीचा. अजून वेळ गेली नसेल तर हातापाया पडून तुझा अर्ज उशिरा घ्यायला लावायचा, असं मनात होतं. त्याला नाव सांगितलं तर तो म्हणाला, ते पाकीट? ते कसं विसरेन? ते उघडायला आम्हाला तार कापायची पक्कड आणावी लागली.

तुझ्या बाबाने पाकीट डिंकाने चिकटवलंच नाही गं. दोन भोकं पाडून तार ओवली आणि शिशाचं सील मारलं, काट्याला मारतो तसं. वर पोस्टाचा शिक्का दोन नोव्हेंबरचा. तू दिलंस त्याच दिवसाचा. कालव्याकाठचंही त्याच वेळी टाकलं असणार.

आत अर्जासोबत त्याचं एक पत्र होतं. बापाचं पत्र नियमात बसत नाही, पण ते काढून टाकायला कुणाचा हात धजावला नाही म्हणे. कारकुनाने मला ते वाचू दिलं, तेही नियमात बसत नाही, तेव्हा कुठे बोलू नकोस. मी तिथेच उभी राहून उतरवून घेतलं:

‘महोदय, मी या मुलीचा बाप आहे, तेव्हा माझं किती धरायचं ते तुम्ही ठरवा. मी वजनकाटे दुरुस्त करतो. गेलं वर्षभर माझ्याकडून चुका होत आहेत. मी विसरतो. मी तपासून आलो की ही मागाहून जाते, चूक काढते आणि माझं सील लावते. तिला वाटतं मला कळत नाही. पण तारेला मी दोन पीळ देतो, ती तीन देते. कालच एका औषधाच्या दुकानात तीन पीळ दिसले. तिच्या वयात माझं काम इतकं चोख नव्हतं. मी काम सोडायला पाहिजे हे मला कळतं, पण ती मागे आहे तोवर माझ्याने सोडवत नाही. रोज सकाळी वाटतं, आज चुकलं तरी ती आहे. हे बरोबर नाही. म्हणून तिला घ्या. विसरायच्या आत हे आजच टाकतो आहे.’

बारके, मला ऐकू येत नाही, त्याला आठवत नाही. आमची दोघांची भांडणं व्हायची शक्यता नाही. दोन खोल्या तिघांना पुरतील. तू त्याच्याशी बोल. कसं ते मला विचारू नकोस, मला ते येत असतं तर मी सहा वर्षं पत्राची वाट बघत बसले नसते.

आत्या


२२ डिसेंबर

प्रिय आत्या,

बोलले.

बाबा वजनं पुसत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, “बाबा, तारेला मी तीन पीळ देते.”

ते म्हणाले, “दोन पुरतात. तार वाया जाते.” आणि पुसत राहिले.

मग शेवटचं वजन पेटीत ठेवून म्हणाले, “दवाखान्यातलं पहिलं होतं ना?” मी हो म्हटलं. “बाळांना काही झालं?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी पेटी बंद केली. मला वाटलं ते रागावतील किंवा मला जवळ घेतील, पण ते म्हणाले, “चल, कार्यालय पाचला बंद होतं.”

आम्ही चालत गेलो. वजनमाप कार्यालयात परवाना परत करायचा एक फॉर्म असतो, त्यात कारण लिहायचं असतं. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, आजार लिहा, नाहीतर वय लिहा. बाबांनी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘मुलगी शिकायला जाते आहे.’ मी म्हटलं, बाबा, अजून कुठूनच काही आलेलं नाही. ते म्हणाले, “तोवर येईल.” बाईंनी शिक्का मारला.

पक्कड आणि शिक्का तिथेच ठेवून आलो. जुन्या गिऱ्हाइकांची यादी मी कार्यालयात दिली, नवा माणूस सगळे काटे पुन्हा तपासेल. घरी येताना बाबांचा हात सारखा खांद्याकडे जात होता, पिशवी सावरायला. पिशवी नव्हतीच.

तुझ्याकडे यायचं त्यांना सांगितलं. म्हणाले, ताईला विचारलंस का. मी म्हटलं, तिनेच बोलावलंय.

तुझी भाची


१८ मार्च

प्रिय आत्या,

डोंगरावरच्यांचा नकार आला. घुमटवाल्यांचाही. राजधानीवाल्यांचा तर एका ओळीचा, त्यात माझं नाव चुकलं होतं. कालव्याकाठच्यांनी प्रतीक्षा यादीत ठेवलंय.

तुमच्या कॉलेजचं आज सकाळी आलं. घेतलंय. यंत्र विभाग. जुलैच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं. आम्ही दोघं जूनच्या शेवटी निघतो. बाबांची वजनांची पेटी जड आहे, पण ते ती ठेवून यायला तयार नाहीत, तेव्हा जागा करून ठेव.

पत्र आलं तेव्हा मी स्टुलावर उभी राहून माळ्यावरचे डबे काढत होते. उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि पुढचा डबा काढला. मग बाबांना सांगितलं. ते उठून उभे राहिले, माझे दोन्ही हात धरले आणि “बघ, बघ, मी म्हटलं नव्हतं?” असं इतक्या मोठ्याने म्हणाले की खालचे लोक वर बघायला आले. मी त्यांना चहा दिला. तासाभराने त्यांनी विचारलं, कॉलेजांचं काही कळलं का गं? मी सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि माझे दोन्ही हात धरले.

आज त्यांना चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्यांना तेवढाच आनंद झाला. चौथ्या वेळी मलाही झाला.

तुझी भाची